भिंतीवरचे घोंगडे

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या जुन्या शिष्याची शाळा पाहण्यास दोन कोस चालत गेले. शिष्य आता मास्तर झाला होता. गावोगावच्या समाजांची मुलांना ओळख व्हावी म्हणून त्याने एक नवा विषय मोठ्या हौसेने सुरू केला होता.

वर्गाच्या भिंतीवर खिळे ठोकून एक काळे घोंगडे टांगले होते. ते बाणाईचे. माळावर मेंढरे घेऊन उतरलेल्या धनगरांपैकी ही एकटीच मुलगी शाळेत येई. मास्तरांनी तिला वर्गापुढे उभे करून धडा शिकवला होता: हे लोक असे राहतात, असे खातात. धडा उत्तम झाला! दुसऱ्या दिवसापासून पोरे तिला पाहून 'बें बें' करू लागली, आणि आज चार दिवस तिची जागा रिकामी होती. मास्तरांना ते फार सलत होते, पण सांगावे कोणाला? शाळा सुटल्यावर ते एकटेच त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसत.

आज आचार्यांपुढे शिष्याने सारे सांगून टाकले, आणि ते थकलेले पाहून लगबगीने घोंगडे काढून अंथरले. आचार्यांनी त्याला वळसा घातला आणि ते उघड्या फरशीवर टेकले.

"गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"बाळा, धनगराकडे पाहुणा गेला की घोंगडं घरच्या माणसानं अंथरायचं असतं. इथं घरचं माणूस कुठं आहे? त्या पोरीनं आपल्याला 'बसा' म्हणायचं होतं. तू तिलाच घोंगड्यासारखं टांगून दाखवलंस."

मास्तरांनी घोंगडे उचलले. खांद्यावर टाकून ते माळाकडे निघाले. एवढे एकटे त्यांना कधी वाटले नव्हते.

तळावर बाणाई कोकराला पाला चारत होती. मास्तरांना पाहून ती बापाआड झाली.

"अगं, मास्तर उभं हायेत. बस म्हण की," बाप म्हणाला.

तिने घोंगडे घेतले, झटकले, अंथरले. "बसा."

मास्तर बसले. "माझं चुकलं, बाणाई. शाळेत येशील?"

"पोरं हसत्यात."

"मग पोरांनाच इथं आणतो. शिकवायचं तू. मीही त्यांच्यातच बसेन."

तिने घोंगड्याकडे पाहिले, मग मास्तरांकडे.

"एवढ्यावर समदी मावायची न्हाईत," ती म्हणाली. "बाचं बी अंथरावं लागंल."