चुन्याचा ठिपका

एका उद्योगनगरीत एकदा एक वृद्ध भिंगकार राहत असे. कारखान्यांत तयार होणाऱ्या वस्तू तपासण्यासाठी जे कॅमेरे लागतात, त्यांची भिंगे तो घडवी. त्याच्या भिंगातून पाहिले की केसाहून बारीक ओरखडाही पडद्यावर नांगराच्या तासासारखा दिसे. आजूबाजूचे लहान कारखानदार आपला माल त्याच्या तपासणीघरात आणत. तिथे पास झालेला माल पुन्हा कोणी तपासत नसे.

वृद्धाचा एक शिष्य होता. हुशार होता, मेहनती होता आणि स्वच्छतेचा भोक्ता होता. भिंगाच्या पुढच्या काचेवर त्याला धुळीचा कणही खपत नसे. तीन वर्षे झाल्यावर एके दिवशी वृद्ध त्याला म्हणाला, "उद्या माझ्या नातीचे बारसे आहे. मी दुपारी येईन. तोवर तपासणी तू एकट्याने कर."

शिष्याला त्या रात्री झोप आली नाही. आनंदानेच आली नाही.

सकाळी शेवंताबाई आली. गावाबाहेर तिची पत्र्याची शेड होती. तिच्यात धातू कातण्याचे तीन लेथ होते आणि तिन्हींवर बायका काम करत. गॅसच्या शेगडीत बसणाऱ्या चारशे पितळी झडपा तिने आणल्या होत्या. बरोबर त्या मागवणारा व्यापारी होता. व्यापाऱ्याचे म्हणणे सरळ होते. माल पास झाला तर वर्षभराचे काम शेवंताबाईच्या शेडला. नाही झाला तर काम दुसऱ्या शेडला.

"झडपेच्या तोंडावर बारीक ओरखडा असला तरी गॅस गळतो, बाई," तो म्हणाला. "लोकांच्या घरात बसणार आहे ही. इथे मी ओळखदेख पाहणार नाही."

"पाहूच नका," शेवंताबाई म्हणाली. "झडप पाहा."

शिष्याने पहिली झडप कॅमेऱ्याखालच्या खाचेत बसवली. तिचे तोंड पडद्यावर परातीएवढे दिसू लागले. उजव्या अंगाला, खालच्या बाजूस एक काळा ठिपका होता. लाल दिवा लागला. दुसरी झडप बसवली. पुन्हा ठिपका, पुन्हा लाल दिवा. तिसरी, दहावी, चाळिसावी. तेच.

"अक्का, चाळीसच्या चाळीस नापास."

"एखाददुसरी म्हणालास तर ऐकून घेईन. चाळीस कशा?"

"सगळ्यांवर एकाच जागी ठिपका आहे. खाचेत प्रत्येक झडप सारखीच बसते. म्हणजे खोट एकच आहे. तुमच्या हत्याराचा दात मोडलाय."

शेवंताबाई हसली. "बाळा, लेथवर झडप फिरते, हत्यार फिरत नाही. दात मोडला तर तोंडावर गोल रेघ उमटेल. ठिपका कसा उमटेल?"

बाईचे म्हणणे शिष्याला पटत होते. पण पडदा त्याच्या बाजूने होता.

"कॅमेरा खोटे बोलत नाही, अक्का."

"मग मी बोलते व्हय?"

"तसे नाही. पितळातच दोष असेल."

"पितळ शेठनी दिलंय."

व्यापारी खुर्चीतून उठला. "म्हणजे फिरून फिरून माझ्यावरच आले का?"

"तुमच्यावर नाही हो, पितळावर."

"पितळ माझेच ना!"

शेवंताबाईने एक झडप उचलली आणि डोळे मिटून तिच्या तोंडावरून अंगठ्याचे नख फिरवले. एकदा उभे, एकदा आडवे. "नखाला काही लागत नाही," ती म्हणाली. तीस वर्षे तिने नखानेच माल तपासला होता. पण आता तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. शेडमध्ये तिघीजणी निरोपाची वाट पाहत होत्या.

शिष्याने मऊ कापड घेतले आणि भिंगाची पुढची काच पुसली. ठिपका गेला नाही. पुन्हा पुसली. तीन वेळा पुसली. काच आरशासारखी लखलखली आणि ठिपका होता तिथेच राहिला. व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले. "मी बारापर्यंत थांबतो," तो म्हणाला. "पुढे मला दुसरी शेड गाठायची आहे."

बाराला थोडा अवकाश असताना वृद्ध परत आला. कपाळाला कुंकू होते आणि हातात बारशाचे पेढे होते. तिघेही एकदम बोलू लागले. वृद्धाने हात वर केला.

"आधी पेढा घ्या. पोरीचे नाव आनंदी ठेवले आहे. आता एकेकाने बोला."

त्याने सर्व ऐकून घेतले. पडद्याकडे पाहिले. मग तो स्टुलावर बसला, कंबरेची चंची सोडली आणि शांतपणे पानाला चुना लावू लागला. शिष्याला वाटले, गुरुजी विचार करत आहेत. वृद्ध उठला. बोटावर राहिलेल्या चुन्याचा तिळाएवढा ठिपका त्याने भिंगाच्या लखलखत्या काचेवर टेकवला.

"आप्पा!" शिष्य ओरडला. "अहो, काच! काय केलेत हे?"

"म्हातारपण," व्यापारी पुटपुटला.

"ओरडू नकोस," वृद्ध म्हणाला. "पडदा पाहा. माझा चुना कुठे आहे?"

शिष्याने पाहिले. झडप पूर्वीसारखीच स्पष्ट दिसत होती. काळा ठिपका आपल्या जागी होता. चुन्याचा मात्र मागमूस नव्हता.

"दिसत नाही, आप्पा."

"शेठ, तुमची अंगठी द्या."

"माझी? कशाला?"

"पितळ तपासून झाले. आता सोने तपासू."

व्यापाऱ्याची अंगठी चौकोनी, रुंद माथ्याची होती. वृद्धाने ती भिंगाखाली धरली. पडद्यावर सोने चमकले आणि त्याच्या उजव्या अंगाला, खाली, तोच काळा ठिपका दिसला. वृद्धाने अंगठी फिरवली. अंगठी फिरली, पण ठिपका जागचा हलला नाही.

"माझ्या आजोबांची अंगठी आहे ती!" व्यापारी म्हणाला. "तिला डाग कसा असेल?"

"शेठ," शेवंताबाई म्हणाली, "अंगठीपण माझ्याच लेथवर झाली का?"

व्यापारी आधी रागावणार होता. मग त्याला हसू आवरेना. शेवंताबाई तर पदर तोंडाला लावून हसत होती. शिष्य मात्र हसला नाही.

"कॅमेरा कोणी उघडला होता?" वृद्धाने विचारले.

"मी, आप्पा. काल संध्याकाळी. आज माझा पहिला दिवस होता. पुढची काच पुसून झाली होती. वाटले, आतूनही पुसून घ्यावे."

वृद्धाने चुना ओल्या फडक्याने टिपला. भिंग सोडवले. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे केले आणि रबरी फुंकणीने आत दोनदा वारा मारला. काही पडलेले कोणालाच दिसले नाही. इतका तो कण लहान होता. भिंग परत बसवले, झडप ठेवली. हिरवा दिवा लागला.

मग शिष्याने चारशेच्या चारशे झडपा पहिल्यापासून तपासल्या. बारा वाजून गेले. व्यापारी उठला नाही. उलट दुसरा पेढा मागून घेतला. तीनशे अठ्ठ्याण्णव झडपा पास झाल्या. दोन खरोखरच नापास निघाल्या. शेवंताबाईने पडद्यापाशी जाऊन त्या नीट पाहिल्या.

"ह्या माझ्या," ती म्हणाली. "हत्यार बदलायच्या आधीच्या. बघ बाळा, गोल रेघ आहे." आणि तिने त्या दोन्ही आपल्या पिशवीत टाकल्या.

व्यापारी हात जोडून म्हणाला, "बाई, वर्षभराचे काम तुमचे. जी स्वतःची खोट ओळखते, तिचा माल मी डोळे मिटून घेईन."

"डोळे उघडे ठेवूनच घ्या," ती म्हणाली आणि निरोप द्यायला शेडकडे निघाली. ती जवळजवळ धावतच गेली.

सर्व गेल्यावर शिष्य मान खाली घालून उभा राहिला. "आप्पा, चुन्याचा एवढा ठिपका दिसला नाही. मग न दिसणारा कण कसा दिसला?"

वृद्ध म्हणाला, "भिंगाची नजर समोरच्या वस्तूवर असते. आपल्या अंगावर बाहेरून काय लागले, हे त्याला दिसत नाही आणि त्याने फारसे बिघडतही नाही. पण कॅमेऱ्याच्या आत जिथे चित्र उमटते, तिथे कण बसला की तो जगातल्या प्रत्येक वस्तूवर दिसू लागतो. पितळावर दिसतो, सोन्यावर दिसतो. तू पुढची काच पुसत राहिलास, कारण ती चारचौघांना दिसते. चाळीस वस्तूंत एकच दोष एकाच जागी दिसला, तेव्हाच हात थांबायला हवा होता. आणि दुसरे ऐक. त्या बाईने तुला गोल रेघेचे सांगितले होते. ते खरे आहे, हे तुला कळलेही होते. तरी तू पडद्याआड लपलास. कण फुंकणीने गेला. हे फुंकणीने जाणार नाही."

त्या संध्याकाळी शिष्य शेडवर गेला आणि शेवंताबाईची क्षमा मागून आला. तिने त्याला चहा पाजला आणि लेथवर उभे करून एक झडप कातायला लावली. ती वाकडी झाली. तिघीजणी पोट धरून हसल्या आणि तोही हसला.

पुढच्या महिन्यात शेवंताबाई नवा माल घेऊन सकाळीच आली. तपासणीघरात शिष्य एकटाच होता. कॅमेऱ्याखाली त्याने एक कोरी पांढरी फरशी ठेवली होती आणि तो पडद्याकडे टक लावून बसला होता.

"अरे, माल तर अजून माझ्या पिशवीत आहे," ती म्हणाली. "रिकाम्या फरशीत काय बघतोस?"

"अक्का, दोन मिनिटे बसा," शिष्य म्हणाला. "आधी मला तपासतोय. मग तुम्हाला."

शेवंताबाईने पिशवी खाली ठेवली आणि ती मजेत मांडी घालून बसली.

"तपास, तपास," ती म्हणाली. "मला घाई नाही."