कुंभारणीचं 'आलेच'

डोंगराला टेकून वसलेल्या एका गावात एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहत होती. कुंभार सदा घोड्यावर बसलेला. चालायचा भरभर, जेवायचा भरभर, बोलायचाही भरभर. कुंभारणीचं सगळं सावकाश. त्याने हाक मारली की ती "आलेच!" म्हणायची आणि मग तिला यायचं तेव्हाच यायची. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि दोघांचा एकमेकांवर फार जीव होता.

कुंभारणीची एकच हौस राहून गेली होती. वरच्या घळीत एक मोठा धबधबा होता. त्याचा आवाज तिच्या अंगणात ऐकू यायचा, पण तिने तो कधी पाहिला नव्हता. पावसाळ्यात मडकी वाळत नाहीत, म्हणून कुंभाराचं चाक बंद असायचं. अशाच दिवसांत एकदा पावसाने उघडीप दिली आणि कुंभार म्हणाला, "चल, आज तुला धबधबा दाखवतोच!"

वाट दाट झाडीतून, ओढ्याच्या काठाने वर जात होती. कुंभार पुढे, कुंभारीण मागे. खेकडा दिसला की ती थांबायची, रानफूल दिसलं की वाकायची.

"अगं, येतेस ना?"

"आलेच!"

दर वळणावर हेच. पुढे पुढे तर कुंभार मागे बघेनासाच झाला. "आलेच" ऐकू आलं की झपाझप पुढे.

धबधबा समोर आला आणि कुंभाराचं भान हरपलं. एवढ्या उंच कड्यावरून पाणी कोसळत होतं, तुषारांनी त्याचं तोंड भिजत होतं. "बघ गं, बघ!" म्हणत तो वळला. मागे कुणीच नव्हतं.

"येईल," तो स्वतःशीच म्हणाला. "आत्ताच तर आलेच म्हणाली." तो दगडावर बसला, पण एकट्याचं मन काही रमेना. त्याने हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्याची हाक त्यालाच ऐकू येईना. मग मात्र तो आल्या वाटेने धावत सुटला.

चार वळणं खाली कुंभारीण ओढ्याकाठी बसली होती. पाय मुरगळून घोटा टम्म सुजला होता.

"अगं, हे कधी झालं?"

"मघाशीच. शेवाळावरून घसरले."

"मघाशी? मी विचारलं तेव्हा तर तू आलेच म्हणालीस!"

"मग काय म्हणू? तुम्हाला कुठे थांबायला आवडतं?" ती रागावून नाही, अगदी सहज म्हणाली. "ते जाऊ द्या. तुम्ही पाहिलात ना? सांगा की, कसा आहे?"

कुंभार तिच्याजवळ खाली बसला. तीस वर्षं तो ते "आलेच" ऐकत आला होता, पण वळून कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

"घरी जायचं की वर?" त्याने विचारलं.

"दोन्हीकडे तुम्हालाच न्यायचंय. तुम्हीच ठरवा."

"मग वरच!" म्हणत त्याने तिला पाठुंगळी घेतलं.

"अहो, मी काय मातीचं पोतं आहे?"

"पोतं बरं. ते गप्प तरी बसतं!"

पाठीवर ओझं, पायाखाली शेवाळ. कुंभाराला जन्मात पहिल्यांदा सावकाश चालावं लागलं. ती पाठीवरून एकेक झाड, एकेक पाखरू दाखवत होती आणि तो थांबून बघत होता.

धबधब्यापाशी पोचल्यावर त्याने तिला दगडावर उतरवलं. कुंभारीण नुसती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. बऱ्याच वेळाने कुंभार सवयीने म्हणाला, "चल, निघू या?"

"थांबा हो जरा," कुंभारीण म्हणाली.

कुंभार मुकाट्याने तिच्याशेजारी बसला.

तात्पर्य: मागून "आलेच" ऐकू आलं, म्हणजे आपलं माणूस आलंच असं धरून चालू नये, थांबावं आणि वळून बघावं.