झटका कुठून येतो?

एकदा मिरजेतल्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात एक गृहस्थ तणतणत शिरले. त्यांच्यामागून खांद्यावर बेस गिटार घेतलेला एक वादक मान खाली घालून आला. गृहस्थ म्हणजे एका मंगल कार्यालयाचे मालक पोपटराव. वादक हणमंत. त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी पोपटरावांच्या कार्यालयात होता.

दुकान वृद्ध याकोबकाकांचं. विजेवर चालणाऱ्या गिटारींची दुखणी ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. पण त्या वेळी बाकावर होती त्यांची शिष्या उल्का.

“हा गाताना माइकला ओठ लावतो आणि किंचाळतो,” पोपटराव म्हणाले. “काल माझ्या कार्यालयातल्या तालमीत चक्क खाली बसला. याच्या गिटारीत वीज उतरते. तारांना जोडलेली आतली वायर तोडली की झटका थांबतो म्हणे. तोडा. नाहीतर आज दुसरा वादक उभा करतो.”

उल्काने बेस उघडला, वायरींचे डाख तपासले, वीज मोजायचा मीटर लावला. दोष सापडेना. तरी पोपटराव म्हणत होते ते खोटं नव्हतं. ती बारीक वायर तोडली की तारांचा विजेशी संबंध तुटणार होता, आणि हणमंताचं कामही टिकणार होतं. तिने वायर तोडली.

तेवढ्यात याकोबकाका आतून आले. बेसकडे पाहून त्यांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं, वायर होती तिथे पुन्हा डाख दिला आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

“अहो, हे काय केलंत?” पोपटराव कडाडले. “गावात तुम्ही एकटेच मिस्त्री नाही!”

“नाही ना,” काका शांतपणे म्हणाले. “पण हे माझ्या हातून होणार नाही.”

पोपटराव पाय आपटत निघून गेले. उल्का संतापली होती. “काका, त्याचा झटका थांबत होता. तुम्ही तो परत जोडून दिलात!”

काका म्हणाले, “पोरी, झटका थांबत नव्हता, फक्त याला कळेनासा होणार होता. वीज कार्यालयात गिटार जोडतात त्या अँप्लिफायरच्या पत्र्यात तशीच राहिली असती, आणि उद्या दुसऱ्या कुणाचा हात तिथे पडला असता. हे वाद्य निर्दोष आहे. दुसरीकडचा दोष ते याच्या ओठांपर्यंत पोहोचवतं, एवढाच त्याचा अपराध. वेदना सांगणाऱ्याची जीभ कापणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.”

उल्काने मीटर पिशवीत टाकला. “चल, हणमंतदादा.”

कार्यालयात मांडव सजला होता. उल्काने बेस अँप्लिफायरला जोडला, मीटरचं एक टोक बेसच्या तारेला लावलं, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा झर्रकन चढला. पोपटराव धावत आले.

“कार्यक्रमाच्या तोंडावर हा काय तमाशा? माझ्या कार्यालयात दोष नाही. याच्या गिटारीतच आहे!”

“ठीक आहे,” उल्का म्हणाली. “गिटार बाजूला ठेवते. आता एका हाताने हा माइक धरा आणि दुसरा हात अँप्लिफायरच्या पत्र्यावर ठेवा.”

पोपटरावांचा हात निम्म्यात थांबला. मांडवातली माणसं पाहत होती. हात हळूहळू मागे गेला.

“मग त्यानं का ठेवायचा?” असं म्हणून उल्काने रंगमंचाचा मेन स्विच पाडला आणि स्विचसमोर उभी राहिली. “अर्थिंग नीट होईपर्यंत मी हा वर करू देणार नाही.”

हणमंत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग ऑर्केस्ट्राचा ढोलकीवालाही आला.

अखेर कार्यालयाच्या वायरमनला बोलवावं लागलं. त्याने रंगमंचावरचा सॉकेट उघडला. अर्थिंगची हिरवी वायर कुणीतरी मुद्दाम काढून, टेप गुंडाळून आत दडपली होती. “स्पीकर गुणगुणायचे,” वायरमन ओशाळून म्हणाला. “ही काढली की गप्प बसायचे.”

वायर जागेवर बसली. पोपटरावांनी स्वतःच पुढे होऊन मेन स्विच वर केला आणि उल्काने पुन्हा मीटर लावला. आकडा शून्यावर राहिला.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. हणमंताने तारांवर बोटं ठेवली, क्षणभर अडखळला आणि माइकला ओठ लावून गाऊ लागला. उल्का मागच्या रांगेत उभी होती. दुपारी आपण कुणाला गप्प करायला निघालो होतो, ते तिला आता नीट ऐकू येत होतं.

घरात, कचेरीत, गावात कुणी कळवळून ओरडलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी सॉकेट उघडून पाहावा.