काल घरी कोण काय बोललं?

कोणे एके काळी एका गडाच्या पायथ्याशी एक नगर होतं. तिथल्या राजाला आपल्याच प्रजेची फार भीती वाटायची. लोक आपल्यामागे काय बोलतात हे कळावं, म्हणून त्याने एक हुकूम काढला. रोज सकाळी शाळेत राजाचा अंमलदार यायचा आणि मुलांना विचारायचा, "काल घरी कोण काय बोललं?" जे मूल सांगेल, त्याला पेढा मिळायचा. ज्याच्याबद्दल सांगितलं, त्याला शिपाई गडावर नेऊन कोंडायचे.

हळूहळू आईबाप मुलांसमोर बोलेनासे झाले. जेवताना नुसता ताटवाट्यांचा आवाज यायचा.

त्या शाळेत शेवंता नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. एके दिवशी तिच्या शेजारच्या विणकराला शिपायांनी धरून नेलं. त्याच्याच चिमुरड्या लेकीने पेढ्यासाठी काहीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी शेवंताच्या वडिलांना राहवलं नाही.

"राजाचं चुकतंय," ते पुटपुटले. मग त्यांची नजर शेवंताकडे गेली आणि हातातला घास हातातच राहिला.

आपले वडील आपल्याला घाबरले! शेवंता ताटावरून उठली आणि मागच्या अंगणात जाऊन खूप रडली.

दुसऱ्या दिवशी अंमलदाराने तिलाच उभं केलं. "काल घरी कोण काय बोललं?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे कोणीतरी बोललंय तर!"

"बोललं असेल, नसेल. माझ्या घरातलं बोलणं घरातच राहील."

"पोरी, हुकूम मोडलास तर तुलाच कोंडावं लागेल. नीट विचार कर."

 शेवंता म्हणाली, "केलाय विचार."

शिपाई तिला घेऊन गेले. बाकीची मुलं मान खाली घालून बसून राहिली.

अंमलदार मनाने वाईट नव्हता. त्या रात्री घरी त्याला जेवण जाईना. तो बायकोला म्हणाला, "आपल्या तुळजाच्याच वयाची पोर गं ती. असला कसला हा राजा!" त्याची लेक तुळजा दाराशीच उभी होती. तिने ते ऐकलं.

सकाळी त्याने वर्गात नेहमीचा प्रश्न विचारला. कोणीच तोंड उघडेना. मग त्याच वर्गात बसलेली तुळजा आपणहून उभी राहिली.

"सांगू, बाबा?"

अंमलदाराचा चेहरा पांढराफटक पडला. शिपाई तिथेच उभे होते.

तुळजाचे डोळे भरून आले. "नाही सांगणार, बाबा. पण शेवंताने तरी दुसरं काय केलं होतं?"

 अंमलदार तडक गडावर गेला, शेवंताची कोठडी उघडली, विणकराची उघडली, सगळ्यांच्याच उघडल्या. शिपायांपैकी कोणी त्याला अडवलं नाही. त्यांचीही मुलं त्याच शाळेत होती. राजाने त्याच्या जागी दुसरा अंमलदार शोधून पाहिला, पण त्या कामाला एकही माणूस तयार होईना. तो हुकूम तसाच विरून गेला.

शेवंता घरी आली. त्या दिवशी तिचे वडील इतकं बोलले, इतकं बोलले, की वाढलेलं जेवण गार झालं तरी कोणी त्यांना थांबवलं नाही.

तात्पर्य: आपल्याच माणसांवर पाळत ठेवायला लावणारा हुकूम राजाचा असला, तरी त्याला नाही म्हणावं, आणि ते म्हणायला वय लागत नाही.