चटईवरचा कागद

एक गाव होतं आणि त्या गावात नानकटाई पालथी करून विकायची रीत होती. ही रीत सगुणाबाईने पाडली होती. गिऱ्हाईक दारात आलं की ती डब्यातून एक नानकटाई काढायची, हातावर पालथी घालायची आणि तिची पाठ दाखवायची. पाठ कशी, तर तांबूस, खरपूस, कडेपासून मध्यापर्यंत सारखी. "तोंड काय, कुणीबी रंगवील. पाठ बघून घ्या," असं ती म्हणायची. अर्धा किलो घ्यायला आलेला माणूस किलोभर घेऊन जायचा.

सगुणाबाईकडे विजेची एक छोटी भट्टी होती. तूप शेजारच्या हरणाबाईच्या म्हशीचं. ट्रेमध्ये बटर पेपर अंथरायचा, त्यावर नानकटाई मांडायची, भाजायची आणि तो तुपकट कागद उकिरड्यावर टाकायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण हरणाबाईची एक शेळी होती, बिजली नावाची. हिरवागार पाला समोर असला तरी ती पाल्याला तोंड लावायची नाही, उकिरड्यावर जाऊन नानकटाईचा कागद खायची. एकदा तिचं पोट टम्म फुगलं. गुरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं, तेव्हा कुठे ती उठून उभी राहिली. हरणाबाईने बोल न लावता डॉक्टरचे पैसे स्वतःच दिले. सगुणाबाईला मात्र फार वाईट वाटलं. तिने शहरातल्या लेकीला फोन करून सगळं सांगितलं.

लेक वैजू पुढच्याच रविवारी आली आणि येताना एक सिलिकॉनची, आच सोसणारी चटई घेऊन आली. "आई, ही थेट ट्रेमध्ये अंथरायची आणि हिच्यावर नानकटाई मांडायची. भाजून झालं की कोमट पाण्याने धुऊन ठेवायची. वर्षानुवर्षं टिकते. आता कागद बंद कर."

"बंद म्हणजे बंद," सगुणाबाईने शब्द दिला.

चटई मोठी देखणी होती. डाळिंबी रंग, मऊ अंग, कडेने पांढरी रेघ. गुंडाळली तरी चुरगळायची नाही. सगुणाबाईने ती दोनदा गालाला लावून पाहिली.

आता सगुणाबाईच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात नव्या वस्तूचं अंग कुणाच्या दृष्टीस पडत नसे. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. फ्रिजच्या मुठीला फडकं. सोफ्यावर कव्हर आणि त्या कव्हरवर एक जुनी चादर, का, तर कव्हर मळू नये. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे खुद्द सगुणाबाईलाही आठवत नव्हतं. वस्तू जपावी ती अशी, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं.

वैजू गेली. सगुणाबाईने भट्टी लावली, चटई हातात घेतली आणि थांबली. लेकीने एवढ्या मायेने आणलेली वस्तू, ती काय अशी पहिल्याच दिवशी तुपाने माखायची? तिला धीर होईना. मग तिने चटईवर एक बटर पेपर घातला. तेवढ्यात तिचं लक्ष ट्रेकडे गेलं. ट्रे जुना, तळाशी काळा. तो काळा डाग चटईला लागला म्हणजे? तिने चटईखालीही कागद घातला, चांगला दुहेरी घडी करून. आता चटईला ना तूप लागणार होतं, ना काळं. सगुणाबाई समाधानाने हसली आणि ट्रे भट्टीत सरकवला.

नानकटाई बाहेर आली. तोंड छान उललेलं. तिने सवयीने एक पालथी केली आणि तिचा हात तसाच राहिला. पाठ पांढरीफटक होती. बोटाने दाबली तर मऊ लागली.

असं कसं झालं? सगुणाबाईला काही कळेना. दुसऱ्या दिवशी तिने मैदा बदलला. पाठ पांढरीच. साखर बारीक दळून घेतली. तरी पांढरी. नानकटाई भट्टीत जास्त वेळ ठेवली, तर तोंड करपलं आणि पाठ मात्र तशीच. वीज कमी दाबाची येते म्हणावं, तर शेजारी गिरणी धडधड चालत होती. शेवटी तिने मीठ-मोहऱ्या घेऊन भट्टीची दृष्टसुद्धा काढली. भट्टीला काही फरक पडला नाही.

एक चटई तेवढी नवी आली होती. पण चटईचा संशय तिच्या मनात येणार कसा? चटईला तर ती बोटही लागू देत नव्हती.

मग उरलं तूप. ती तडक हरणाबाईच्या गोठ्यात गेली.

"हरणे, खरं सांग. तुपात काय मिसळतेस?"

हरणाबाई धार काढत होती. तिचा हात थांबला. "सगुणा, पोरीच्या बाळंतपणाला नेलंस तेच तूप हाय हे," ती म्हणाली आणि पुन्हा धार काढू लागली. वर पाहिलंच नाही.

सगुणाबाईने तूप तालुक्याहून आणवलं. नानकटाईची पाठ पांढरीच राहिली. आता तर ती पुरती चक्रावली. तूप वाईट नव्हतं, मग मैत्रीण उगाच दुखावली. आणि तूप वाईट नसेल, तर मग वाईट काय?

एके दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, पाठ दाखवा की." सगुणाबाईने घाईघाईने पुडा बांधला. "आज राहू द्या, हात खराब आहेत." गिऱ्हाईक गेलं. सगुणाबाई बराच वेळ आपल्या स्वच्छ हातांकडे बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने नानकटाईची पाठ लपवली होती आणि त्याची तिला फार लाज वाटली.

त्या दिवशी तिने वैजूला फोन केला. "माझा हात गेला गं. सरपंचांच्या नातीच्या बारशाचं सांगितलंय, तेवढं देते आणि भट्टी बंद करते." वैजूने खोदून खोदून विचारलं, "आई, चटई वापरतेस ना?" सगुणाबाई म्हणाली, "रोज वापरते. अजून डाग नाही पडू दिला." ऐकून वैजूही बुचकळ्यात पडली.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी सगुणाबाई पीठ मळून बसली होती. एवढ्यात हरणाबाई दारात उभी. तिच्या हातात लाळेने ओला झालेला कागदाचा बोळा होता.

"बिजलीच्या तोंडातनं ओढून काढला," ती म्हणाली. "तुपाचं बोललीस, मी ऐकून घेतलं. पण कागद बंद केला म्हणून गावभर सांगत फिरलीस, आन् उकिरड्यावर आधीपरीस जास्त कागद! माझ्या जनावराच्या जिवावर का उठलीस?"

"देवाशपथ, कागद बंदच केलाय मी!"

"मग ह्यो काय?"

सगुणाबाईने बोळा उलगडला. "हा होय? हा कागद नव्हे. हे चटईचं कव्हर."

आणि हे ती अगदी मनापासून बोलली. हरणाबाईला हसावं की रडावं ते कळेना. ती आत आली. तिने ट्रेकडे बोट केलं. "दाव बघू, कसं मांडतीस ते."

सगुणाबाई दाखवू लागली. "नानकटाई कागदावर. हा कागद चटईवर. चटई ह्या कागदावर. हा कागद ट्रेवर…"

"मग चटई कशापायी?"

"अगं, कागद लागू नये म्हणून…" सगुणाबाई बोलता बोलता थांबली. तिने ट्रेकडे पाहिलं, बोळ्याकडे पाहिलं, पुन्हा ट्रेकडे पाहिलं. सगळं कसं उजेडात आलं. आधी एक कागद लागायचा, आता चटईच्या अंगाखाली आणि अंगावर मिळून ढीग लागत होता. एवढी पांघरुणं पार करून आच नानकटाईपर्यंत पोहोचणार कशी? हात गेला नव्हता. तूपही खोटं नव्हतं. तिचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला.

"हरणे, तुझं तूप चांगलं होतं गं," ती म्हणाली. "मीच खुळी."

हरणाबाई तरातरा घरी गेली आणि तुपाची बरणी घेऊन आली. बरणी तिने पिठाशेजारी ठेवली.

सगुणाबाईने वरचा कागद काढला, खालचा काढला. चटई उघड्या ट्रेवर पसरली. पहिली नानकटाई तिच्यावर ठेवायला तिचं मन घेईना. पण ठेवली. मग दुसरी, मग ट्रेभर. भट्टीसमोर दोघी पाटावर बसून राहिल्या. सवयीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, आणि तो थोडा वेळ सगुणाबाईला युगासारखा वाटला.

ट्रे बाहेर आला. सगुणाबाईने एक नानकटाई उचलली. ती अलगद सुटून आली. पालथी करायला मात्र तिला धीर होईना. शेवटी हरणाबाईनेच तिच्या हातातून घेऊन पालथी केली.

पाठ तांबूस होती. कडेपासून मध्यापर्यंत सारखी.

सगुणाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. मग तिची नजर चटईवर गेली आणि ती हळहळली. डाळिंबी अंगावर तुपाचे गोल गोल डाग उमटले होते.

"आता ती तुझी झाली," हरणाबाई म्हणाली.

चटई धुऊन दोरीवर वाळत घातली. बारशाला नानकटाई गेली. तिथे ताट फिरवताना सगुणाबाईने प्रत्येकाला पाठ दाखवली, नको म्हणणाऱ्यालाही दाखवली. उकिरड्यावर बिजली दोन दिवस कागद शोधत हिंडली आणि नाइलाजाने पाला खाऊ लागली. सोफ्याचं कव्हर मात्र अजून तसंच आहे. माणसाला सगळंच काही एका दिवसात कळत नाही.

तात्पर्य: वापरायला आणलेली वस्तू झाकून ठेवली, तर वस्तूही वाया जाते आणि झाकणही. आणि आपली चूक पदराखाली असली की दोष शेजाऱ्याच्या तुपात दिसू लागतो.