चौथी कणगी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीसुद्धा ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं.

गावाची रीत मोठी चांगली होती. दर बाजाराच्या दिवशी प्रत्येक घर एक शेर ज्वारी गावाच्या कणगीत टाकायचं. जो आजारपणानं अंथरूण धरील, त्याला वैद्याचं औषध आणि त्याच्या घराला खायला धान्य त्या कणगीतून मिळायचं. कणगी ठेवलेल्या कोठाराची किल्ली एका म्हाताऱ्या कारभाऱ्याकडे असायची. माणूस इतका प्रामाणिक, की स्वतःला ताप आला तरी हक्काचं धान्य घ्यायला लाजायचा.

सलग चार वर्षं साथ आली नाही. एक कणगी भरली, दुसरी भरली, तिसरीही काठोकाठ झाली. गावाला कोण अभिमान! पाहुणा आला की त्याला आधी कोठार दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

एके दिवशी गावची सुईण कारभाऱ्याकडे आली. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली.

"कारभारी, डोळ्यांपुढं धुकं दाटलंय. नदीपलीकडं मोतीबिंदू काढणारा आहे, पण तो दोन पोती धान्य मागतो. मी कुठून आणू?"

"पण तू तर चालत आलीस. नियम अंथरूण धरणाऱ्यासाठी आहे, बाई."

"अंथरूण धरीन, तेव्हा डोळे कशाला लागतील मला?"

कारभाऱ्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण उद्या साथ आली तर? "लोकांचं धान्य आहे. मला हात लावता येत नाही," तो म्हणाला. सुईण चाचपडत घरी गेली. कारभाऱ्यानं बुरुडाला चौथी कणगी विणायला सांगितली.

बुरुडाला सवड मिळून ती विणून व्हायला वर्ष गेलं. सगळ्यात जुनं धान्य तिच्यात हलवावं म्हणून कारभाऱ्यानं पहिल्या कणगीत हात घातला. वरचे दाणे चांगले होते. खाली नुसतं पीठ आणि किडे. किडकं धान्य बाहेर काढलं, ते वीस पोती भरलं. सुईणीनं दोनच मागितली होती.

चावडीवर गाव जमलं. कुणी म्हणालं, उरलेलं घरोघर वाटून टाका. कुणी म्हणालं, गावजेवण घाला.

कारभारी उठला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "दोन कणग्या साथीसाठी राखा. त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यावर जे उरेल, ते दरवर्षी कामी आणा. कुणाचे डोळे, कुणाचे दात, कुणा बाळंतिणीचा डिंक. माणूस अंथरूण धरायच्या आधीच."

गावाला ते पटलं. कारभारी स्वतः बैलगाडी जुंपून नदीपलीकडे गेला आणि मोतीबिंदू काढणाऱ्याला घेऊन आला.

त्यानं सुईणीचे डोळे नीट तपासले. "उजवा वाचेल," तो म्हणाला. "डाव्याला उशीर झाला."

पुढं कारभाऱ्याला नात झाली. सुईणीनंच ती त्याच्या हातात दिली. "नाक तुमच्यावर गेलंय हो, कारभारी. दिसतंय मला," ती हसून म्हणाली. कारभाऱ्याला मात्र तिच्या डाव्या डोळ्याकडं बघवेना.

चौथ्या कणगीत पुढं गावाच्या कोंबड्या अंडी उबवायला बसू लागल्या.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: सगळ्यांच्या साठ्यातलं अडचणीपुरतं जरूर राखावं, पण त्याहून उरलेलं वेळेवर माणसांच्या कामी लावावं.