सगळ्या बंदरांचे सलाम

“...आणि आभार? आभार किती भाषांत मानतोस?” दर्याशा फकिराने विचारले.

“जितक्या भाषांत सलाम करतो, तितक्याच.” विसाजी ताठ बसला. “मस्कतच्या माणसाला शुक्रन. झांजीबारच्या खलाशाला असांते. फिरंग्याला ओब्रिगाद. बाबा, या खारशेत बंदरात असं गलबत लागत नाही, ज्याच्या नाखव्याला मी त्याच्या भाषेत...”

“मग आत जा.”

विसाजीने समोरच्या दाराकडे बघितले.

आत म्हणजे समोरच्या लाकूडकोठीत. फकिराच्या तकियाच्या, म्हणजे त्याच्या मठीच्या, अंगणात कुंपणाला लागून सरपण ठेवायची ती एक अंधारी खोली होती. दार अर्धे उघडे होते. आत एक माणूस होता आणि त्याच्या हातात सुरी होती.

सकाळी तो बशीर नाखव्याच्या गलबतावरून खाडीत उडी मारून पोहत आला होता. नाखव्याने त्याला कुठल्याशा दूरच्या बंदरात विकत घेतला होता आणि पुढच्या बंदरात विकायला नेत होता. कुंपण ओलांडून तो कोठीत शिरला आणि दारात येईल त्याच्यावर सुरी उगारू लागला.

आता नाखवा भाले घेतलेल्या खलाशांसह कुंपणाबाहेर उभा होता. फकिराचा मान म्हणून त्याने ओहोटी लागेपर्यंत थांबायचे कबूल केले होते. ओहोटी लागली की तो आत शिरणार, माणूस सुरी उगारणार आणि भाला चालणार. हे सगळ्यांना दिसत होते. ते बघायलाच निम्मे बंदर जमले होते.

विसाजी त्या बंदराचा दुभाषी. व्यापारी आणि खलाशी यांच्यामध्ये उभा राहून तो दोघांचीही बोलणी गोड करून देई. त्याला आपल्या जिभेचा अभिमान होता आणि खरे सांगायचे तर तो अगदीच फुकाचा नव्हता. पावसाळा संपल्यापासून तो फकिराकडे एकच गोष्ट मागत होता, मला शिष्य करून घ्या. फकीर त्याला बसायला चटई देई आणि विषय बदली.

“मी त्याला जिवंत बाहेर आणला,” विसाजी म्हणाला, “तर मला इथे राहू द्याल?”

फकीर खाडीच्या पाण्याकडे बघत होता. पाणी अजून चढलेले होते.

“बोला ना, बाबा.”

“पाणी थांबत नाही, विसाजी.”

विसाजी उठला. उपरणे नीट केले. बंदरावर परक्या माणसाला बघून जे हसू तो चेहऱ्यावर आणी, ते आणले आणि कोठीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“अस्सलामु अलैकुम.”

अंधारात सुरी वर गेली.

विसाजीने हसू ढळू दिले नाही. “जांबो!”

माणूस एक पाऊल मागे सरला. त्याचा डावा हात खाली, घोट्याशी गेला.

“बों दिया, मित्रा!”

या वेळी हात खांद्याकडे गेला. माणसाच्या घशातून आवाज आला. तो शब्द नव्हता. मागची लाकडे गडगडली.

“घाबरू नकोस.” हे विसाजीने मराठीत म्हटले, फारसीत म्हटले, गुजरातीत म्हटले. बाहेरची माणसे वाहवा करू लागली. कौतुक कानावर पडले की विसाजीला जरा चढायचे. त्याने कोणाकडून तरी पाण्याचा तांब्या आणि भाताची पत्रावळ मागून घेतली आणि हसत हसत दोन्ही उंबऱ्याच्या आत सरकवली.

माणसाने तांब्या लाथेने उडवला. भात भिंतीवर गेला. पुढच्याच क्षणी तो दारात होता.

विसाजी मागे पडला म्हणून वाचला. सुरी दंडावरून निसटती गेली. तो उठून पळाला, तो थेट फकिराजवळ येऊन थांबला. बाही लाल होत होती.

कुंपणाबाहेर हशा पिकला. नाखवा हसला नाही.

“दुभाष्या, झालं तुझं?” त्याने ओरडून विचारले. “आता माझ्या भाषेत बोलू?”

विसाजीने दंड दाबून धरला.

“बाबा... त्याला यातली एकही भाषा येत नाही.”

“येतात.”

“मग उत्तर का देत नाही?”

फकिराने आपल्या कफनीची कड फाडली आणि त्याच्या दंडाला बांधू लागला.

“जांबो म्हणालास, तेव्हा त्याचा हात कुठे गेला?”

“घोट्याला.”

“काय आहे तिथे?”

विसाजीने आठवून बघितले. “वळ आहे. बेडीचा असावा.”

“आणि फिरंग्यांचा सलाम केलास तेव्हा?”

 तो खांदा विसाजीने दारातल्या उजेडात अगदी जवळून पाहिला होता. तिथे कातडीवर डागणी दिलेली होती. गुरांना देतात तशी.

“पाणी दिलंस तेव्हा हसलास?”

“हसलो.” विसाजीचा आवाज खाली आला. “हसूनच द्यायचं ना, बाबा?”

“हो.” फकिराने गाठ आवळली. “त्याला सगळ्यांनी हसूनच दिलं.”

...

विसाजीला लाज वाटली. इतकी वाटली की दंड दुखायचा थांबला. ज्या शब्दांवर त्याने जन्मभर मिजास केली होती, ते सगळे शब्द या माणसाने आधीच ऐकले होते आणि प्रत्येक शब्दानंतर त्याला पुढे विकले गेले होते.

“ओहोटी लागली!” बंदरावरून कोणीतरी ओरडले.

नाखव्याने कुंपण ओलांडले. त्याच्यामागे खलाशी आले.

“बाबा, मारतील त्याला,” विसाजी म्हणाला. “काहीतरी करा. तुम्हाला कुठली भाषा येते, ती बोला...”

फकीर उठला. त्याने भिंतीवरचा आपला भिक्षेचा कटोरा काढला आणि कोठीच्या दिशेने चालू लागला. चालणे नेहमीचेच. रोज सकाळी बाजारात मागायला निघे, तसे.

दारात पोहोचल्यावर तो उभा राहिला नाही. उंबऱ्यावरच बसला. तोंड आत, पाठ भाल्यांकडे. मग हात लांब करून त्याने कटोरा अंधारात पुढे धरला.

माणसाने सुरी त्याच्या गळ्यासमोर आणली.

फकीर बसून राहिला.

माणसाने कटोऱ्यात वाकून पाहिले. आत काही असेल, असे त्याला वाटले असावे. आत काही नव्हते. त्याने फकिराच्या तोंडाकडे बघितले. तिथे हसूही नव्हते.

फकिराने दुसरा हात आपल्या पोटावर ठेवला. कटोरा तसाच पुढे.

...

“बाबा, बाजूला व्हा.” नाखवा पाठीमागे येऊन ठेपला होता.

फकीर हलला नाही. कटोरा मात्र आता थोडा थरथरत होता. म्हाताऱ्याचा हात होता तो, किती वेळ लांब धरणार.

आतल्या माणसाने तो थरथरणारा हात पाहिला. मग त्याने कमरेच्या फडक्यात बोटे घातली आणि काहीतरी ओढून काढले. भाकरीचा गोळा होता. गलबतावरून उडी मारताना चोरून कमरेला बांधलेला, खाडीच्या पाण्यात भिजून लगदा झालेला. सुरी सोडली तर त्या माणसापाशी या जगात तेवढेच होते.

त्याने तो मोडला. लहान तुकडा कटोऱ्यात टाकला. जरा थांबला. मग आपल्याकडच्या मोठ्या तुकड्यातून आणखी थोडे तोडून टाकले.

फकिराने भाकरी तोंडात घातली. चावली. त्याचे तोंड वेडेवाकडे झाले.

“खारट आहे,” तो म्हणाला. साध्या मराठीत.

माणूस त्याच्याकडे बघत राहिला. त्याने स्वतःही एक घास तोंडात टाकला आणि त्याचेही तोंड तसेच झाले. नाकातून एक छोटासा आवाज निघाला. ते हसणे असावे, पण विसाजीने त्याबद्दल शपथ घेतली नसती.

फकिराच्या खांद्यावरून भाल्याचे टोक आत गेले.

“बाजूला व्हा, बाबा. माझा माणूस आहे तो. मोल देऊन घेतलाय.”

“मी जेवतोय.”

“तुमचा तकिया म्हणून इतका वेळ थांबलो. आता...”

“कोणाचा तकिया?” फकीर घास गिळून म्हणाला. “या दारात मी मागितलं. त्याने घातलं. घर ज्याने घातलं त्याचं. मी त्याचं मीठ खाल्लंय, नाखवा. माझ्या यजमानाला मारायचं असेल तर त्याच्या पाहुण्यावरून भाला न्यावा लागेल.”

त्याने मान वळवली नव्हती. भाल्याचे पाते त्याच्या कानाला लागत होते.

“हे असले शब्दांचे खेळ माझ्याशी नकोत!”

“मी खेळत नाही. मला भूक आहे.”

नाखव्याने मागे बघितले. “ओढा या म्हाताऱ्याला!”

कोणी पुढे आले नाही.

खलाशांमध्ये त्यांचा म्होरक्या, एक वयस्क तांडेल होता. त्याने आपला भाला जमिनीवर आडवा ठेवला.

“नाखवा,” तो म्हणाला, “फकिराच्या तोंडात ज्याचं मीठ आहे, त्याच्यावर मी हात टाकणार नाही. मला अजून दर्यात जायचंय.”

दुसऱ्यानेही भाला ठेवला. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले.

नाखव्याने भाल्यावरची मूठ आवळली. विसाजीला वाटले, आता तो एकटाच भाला खुपसणार. नाखव्यालाही बहुतेक तसेच वाटत असावे. फकीर चावत होता. आतला माणूस सुरी घट्ट धरून, डोळे ताणून, त्या चावणाऱ्या जबड्याकडे बघत होता.

खाडीवरून गलबताचा शंखाचा भोंगा वाजला. पाणी झपाट्याने उतरत होते. आणखी थोडा उशीर झाला तर गलबत चिखलात रुतून बसणार होते.

नाखव्याने भाला ओढून घेतला. फकिराला, त्या माणसाला, तांडेलाला, साऱ्या बंदराला त्याने आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पुन्हा या बंदरात पाऊल टाकणार नाही म्हणाला. मग कुंपण तुडवत निघून गेला. त्याचा राग खरा होता. त्याच्या हिशेबी त्याचा माल बुडाला होता.

खलाशी गेले. हळूहळू गर्दीही पांगली. मारामारी झाली नाही म्हणून काही जण हिरमुसले होते.

...

त्या माणसाने सुरी खाली ठेवली. टाकून दिली नाही, हाताशी येईल अशी लाकडांवर ठेवली. मग तो उंबऱ्यावर, फकिराच्या शेजारी येऊन बसला. दोघे ती खारट भाकरी चावत राहिले.

विसाजी अंगणात उभा होता. त्याला रडू येत होते आणि ते कसे आवरावे, हे त्याला कळत नव्हते.

“बाबा,” त्याने शेवटी विचारले, “त्याच्या स्वतःच्या भाषेत सलाम कसा करतात?”

“मला काय ठाऊक.”

“आणि आभार?”

फकिराने खांदे उडवले.

 त्या माणसाने एकदा विसाजीच्या दंडावरच्या पट्टीकडे पाहिले आणि नजर वळवली. विसाजीने पुढे पाऊल टाकले, तसा माणसाचा हात सुरीवर गेला. विसाजी थांबला. तिथेच, धुळीत, खाली बसला.

“बाबा, मला इथे राहायचंय.” त्याने हात जोडले. “राहू?”

फकिराने कटोऱ्याच्या तळाला चिकटलेला कण बोटाने टिपला आणि तोंडात टाकला.

“मला काय विचारतोस? मी इथे पाहुणा आहे.”